पाय टेकायला शिकले त्याची गोष्ट

गाडी धरली

मी पडले तेव्हा माझ्या नवऱ्यानं गाडी धरली, मला नाही. उदगीरमध्ये ही बातमी आता सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी हातात देताना विचारते, "खरंच का हो वैनी?" खरंच आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पण आधी आमचा खेळ समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं खुळेपणाचं वाटेल. समजून घेतल्यावरही वाटेलच म्हणा. मोटरसायकल ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. वेगाशी तिचा काही संबंध नाही. दगडगोट्यांतून, उभ्या चढावरून, ओढ्याच्या पाण्यातून गाडी न्यायची. दोन्ही बाजूंना फिती बांधून वाट आखलेली असते, तिला सेक्शन म्हणतात. गाडीला सीट नसते, उभ्यानंच चालवायची. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पाय जमिनीला टेकवायचा नाही. एकदा टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन. गाडी पडली तर थेट पाच. शेवटी ज्याचा दंड कमी, तो जिंकला. प्रत्येक सेक्शनपाशी पंच उभा असतो. तुमचा पाय टेकला की तो एक बोट वर करतो. एकदाही न टेकवता बाहेर पडलात तर मूठ मिटून दाखवतो. सेक्शन कोरा गेला, असं आम्ही म्हणतो. त्या मिटलेल्या मुठीसाठी मी वर्षानुवर्षं रविवारची सकाळ गावाबाहेरच्या बंद खदानीत घालवली आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मी महानंदा. माहेर हदगाव तालुक्यातलं, कापूस-सोयाबीनवालं. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं बाबांची गाडी चिखलातून काढायची कुणी, यावर आम्हा भावंडांत भांडणं व्हायची आणि ती मी जिंकायचे. सासर उदगीरचं. माझे पती बसवराज यांचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. माझी गाडी त्यांनीच बांधली. जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन तिची सीट काढली, हँडल उंच केलं, चेनचं मागचं चक्र मोठं बसवलं. लग्नात मला दागिने मिळाले होते, पण त्यांची चर्चा मी कधी इतकी केली नाही.

चढ फार उभा असला तर वरच्या टोकाला एक माणूस उभा करतात. गाडी उलटायला लागली तर ती धरणं हे त्याचं काम, कारण उलटलेली गाडी चालवणाऱ्याच्याच अंगावर येते. आमच्यात त्याला धऱ्या म्हणतात. माझे धऱ्या अर्थातच बसवराज.

त्या रविवारी ऊन चढायच्या आत मी खदानीतला सगळ्यांत अवघड सेक्शन काढायला घेतला. शेवटी छातीइतकी उंच दगडी पायरी होती. तिथवर पाय एकदाही टेकला नव्हता. पुढचं चाक वर चढलं, मागचं घसरलं, गाडी मागच्या चाकावर सरळ उभी झाली. बसवराजनी झेप घेऊन तिचं हँडल पकडलं. मी डावीकडं कलले. खरं तर त्या क्षणी पाय टेकवला असता तर एका गुणावर भागलं असतं. पण सेक्शन कोरा चालला होता ना. मी शेवटपर्यंत पाय उचलूनच धरला आणि तशीच खाली दगडावर गेले. सगळं वजन डाव्या गुडघ्याखाली आलं.

पंच म्हणून आमच्यातला इम्रान उभा होता. त्यानं आधी सवयीनं पाची बोटं वर केली आणि मग माझ्याकडं धावत आला.

लातूर

लातूरच्या हाडांच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्यावर गुडघा बसतो, ते फुटून खाली दबलं होतं.

"किती स्पीड होता?" त्यांनी विचारलं.

"चालण्याइतका," बसवराज म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, नवरा काहीतरी लपवतोय. त्यांनी माझ्याकडं पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा हळू आवाजात. मग बसवराजनी मोबाइल काढला आणि माझा आधीच्या महिन्यातला व्हिडिओ दाखवला. डॉक्टरांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला, मग शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून दाखवला. एवढं दुखत असतानाही मला इतका आनंद झाला की मी स्ट्रेचरवरून सांगत होते, "आता बघा, आता मागचं चाक उचलते मी."

मोबाइल परत दिल्यावर मी विचारलं, "परत चालवता येईल ना?"

"आधी चालता येऊ द्या ताई," ते म्हणाले. "ऑपरेशन करू, प्लेट टाकू. चालाल. पण हा गुडघा पूर्ण वजन घेईल की नाही, त्यावर उभं राहून असले दगड चढता येतील की नाही, हे आज मी सांगू शकत नाही."

मी घाबरले. उगाच शूर म्हणवून घेत नाही. मला गाडीची भीती कधी वाटली नव्हती, पण गल्ल्यावर बसून जन्म काढायची वाटली. दुकानात लोक येतील, पार्ट नेतील, आणि मी स्टुलावर पाय ठेवून त्यांच्या गाड्यांकडं बघत बसेन. हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी रडले.

मग डॉक्टरांनी सूचना दिल्या. त्यातली पहिलीच अशी: "हाड जुळेपर्यंत हा पाय जमिनीला अजिबात टेकवायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

बसवराजनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि आम्ही दोघं हसायला लागलो. माझे डोळे अजून ओले होते. डॉक्टरांना वाटलं असावं, धक्का बसलाय.

गयाबाई

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. त्यानंतरच्या वॉर्डाबद्दल मात्र सांगते, कारण त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

सकाळी फिनेलचा वास आला की दिवस सुरू. मग ताप, बीपी, इंजेक्शन, चहा, पुन्हा इंजेक्शन. दगडावर अख्खी गाडी नाचवणाऱ्या बाईला कूस बदलायला दोन माणसं लागतात, आणि लघवीचं भांडं मागायला आवाज फुटत नाही. पहिल्यांदा भांड्याची वेळ आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या खाटेवर चाकूरकडच्या गयाबाई होत्या, साठीच्या पुढच्या. कडब्याच्या गंजीवरून पडून त्यांचा खुबा मोडला होता. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि आपल्या सुनेला म्हणाल्या, "पडदा वढ गं. आन तू जरा रेडू वाजव मोबाइलवर, मोठ्यानं." सुनेनं गाणं लावलं. तेव्हापासून आम्हा दोघींची वेळ झाली की गाणं लागायचं, आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ते कळायचं, आणि कुणी काही बोलायचं नाही. दुःखात माणसं किती समजूतदार होतात ते मी तिथं पाहिलं.

गयाबाईंच्या घरून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची. त्यातली अर्धी माझी असायची. खाता खाता त्यांनी एकदा खोदून विचारलं, "मी कडब्यावर चढले ती म्हशीसाठी. तू दगडावर कशापायी चढलीस?"

"मजा येते म्हणून."

त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. "हाव," म्हणाल्या, "मजा बी कारणच हाय की."

डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, सगळ्यांनी मला तो प्रश्न विचारला होता. उत्तर मान्य करणाऱ्या त्या पहिल्याच.

घर

घरी आल्यावर दिवस अवघड गेले. आमची लेक मामाकडं हदगावला पाठवली होती. घरात आम्ही तिघं: मी, बसवराज आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही अव्वा म्हणतो. अव्वांचा दिवस कपाळावर विभूती लावून आणि इष्टलिंगाची पूजा करून सुरू होतो, आणि त्यानंतर त्या कुणालाही सोडत नाहीत. सासरे होते तेव्हा धान्याच्या मोंढ्यात आमची तूरडाळीची आडत होती, तिथं हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे अव्वांना वचकून असत.

त्यांनी पहिल्याच दिवशी लेकाला फैलावर घेतलं. "ती गाडी विकून टाक. आदी विक, मंग जेवायला बस."

बसवराज जेवले नाहीत आणि गाडीही विकली नाही. तिच्यावर ताडपत्री टाकून दुकानामागच्या गोदामात नेऊन ठेवली, आणि त्यानंतर घरात बोलणंच कमी केलं. माझी औषधं वेळेवर द्यायचे, अंघोळीला पाणी काढून द्यायचे, खुर्ची धरायचे. पण दगड, खदान, रविवार, यातला एक शब्द नाही. मी विषय काढला की दुकानात काहीतरी काम निघायचं.

एकदा शेजारच्या बायका भेटायला आल्या होत्या. दुखत होतं, झोप झाली नव्हती, आणि बसवराज पुन्हा उठून जायला लागले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जा. तुम्ही तर गाडी धरली, बायको सोडली." बायका हसल्या. मीही हसले. त्यांचा चेहरा मात्र असा उतरला की माझं हसू तोंडातच राहिलं. ते वाक्य दोन दिवसांत गावभर झालं, ते मला परत घेता आलं नाही.

आजारपणात दुखणं एकाला असतं आणि धाक सगळ्यांना, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, पडले मी, मग तोंड यांचं का बंद?

एका पायाची बढाई

पण खोटं कशाला बोलू, त्याच दिवसांत मी मजाही फार केली.

पाय टेकवायचा नाही, हे तर माझं आयुष्यभराचं शिक्षण. वॉकर चार दिवसांत कोपऱ्यात गेला. मी एका पायावर स्वयंपाकघरात उभी राहून भाकरी थापायचे. डावा पाय दुमडून मागं धरलेला, हात पिठात, आणि तोल जराही हलत नाही. एका पायावर उड्या मारत उंबरे ओलांडायचे. गल्लीतल्या बायका बघायला यायला लागल्या. अव्वांनासुद्धा गंमत वाटायला लागली. "बगा, हलते का? पाण्याचा तांब्या देऊन बगा हातात," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या, आणि मी तांब्या घेऊन उभी राहायचे.

त्याच सुमारास त्यांनी बसवराजना खेळाचे नियम विचारले. इतकी वर्षं कधी विचारले नव्हते. बसवराजनी जेवता जेवता बोटं आणि मूठ समजावून सांगितली.

"म्हंजे जो कमी टेकतो त्यो जिंकतो?" अव्वा म्हणाल्या. "मंग आपली नंदा तर घरात बसून पैली आली की." त्या दिवशी कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं एकत्र हसलो.

डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामांचा कागद मात्र फ्रिजवर तसाच चिकटलेला होता. गुडघा सरळ करा, मांडी आवळा, घोटा फिरवा. मला वाटायचं, एका पायावर भाकरी थापणाऱ्या बाईला मांडी आवळायला कशाला शिकवता? आमच्या खेळातल्या माणसाशिवाय हा मूर्खपणा दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

काटा

पावसाळा लागला तेव्हा लातूरला पुन्हा एक्स-रे झाला. हाड छान जुळलं होतं. डॉक्टर खूश. "आता पाय टेकवायला सुरुवात करा, थोडं थोडं वजन."

मी उठले, पाय खाली नेला, आणि तो जमिनीच्या चार बोटं वर थांबला.

मी थांबवला नव्हता, तोच थांबला. पुन्हा नेला, पुन्हा थांबला. गुडघा सरळच होईना आणि मांडी निम्मी झालेली. तेवढ्यानं तो अडकला नव्हता हेही मला समजत होतं. पाय खाली गेला की अंगातलं सगळं ओरडायचं की वर घे, वर घे. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून घरी पाठवलं आणि उदगीरच्या फिजिओथेरपिस्टचं नाव लिहून दिलं.

त्या नुझत मॅडम. आवाज मऊ, हात कडक. गुडघा दाबून पाहिला, वाकवला, मी ओरडले, त्यांनी आणखी वाकवला. मग म्हणाल्या, "हड्डी जुडलीय ताई. तुम्हीच पाय वर धरून बसल्यात. एवढे महिने दुमडून दुमडून त्याला जमीनच विसरवली."

"मॅडम, मी परत गाडी चालवणार का?"

"जमिनीवर उभं राहत नाही त्याला मी दगडावर कशी पाठवू?"

हे ऐकून घरी आले तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून मानलं की संपलं. हाडानं मला दगा दिला नव्हता, हेच जास्त लागलं. हाडाला दोष देता आला असता तर निदान रागावता आलं असतं.

नुझत मॅडमनी घरी एक काम दिलं होतं. वजनकाट्यावर डावा पाय ठेवायचा आणि दाबायचं. पहिल्यांदा पाच किलो, मग हळूहळू जास्त. आमच्या घरातला छोटा वजनकाटा कधीचाच बिघडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धडधड आवाज आला म्हणून पाहिलं, तर अव्वा दोन माणसांकडून आडतीचा जुना काटा ओसरीत आणवत होत्या. तुरीची पोती मोजायचा, लोखंडी फळीचा, वर वजन सरकवायची दांडी असलेला. धूळ पुसून झाली. माझ्यासाठी खुर्ची मांडली. अव्वा स्टूल घेऊन दांडीपाशी बसल्या, जशा पूर्वी मोंढ्यात बसत असतील.

"पाचवर लावलंय. दांडी उचलू दे."

मी पाय फळीवर ठेवला. नुसता ठेवायला घाम फुटला. प्लेट तुटेल, स्क्रू निघतील, पुन्हा ते फिनेल, पुन्हा ते भांडं. दांडी जागची हलेना. मी म्हणाले, "अव्वा, नाही होत."

"का न्हाई होत?"

"टेकला की हरले असं वाटतं." हे मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना लाज वाटली.

अव्वांनी स्टूल पुढं ओढलं. "तिकडं खदानीत पंच कोण आसतो त्यो आसू दे. हितली पंच मी हाय. माज्या हितं टेकला तर दंड न्हाई, जमा. जेवढी बोटं जास्त, तेवढी तू जिंकली. लाव पाय."

मी डोळे मिटून दाबलं. काट्याची दांडी किणकिणली आणि तरंगली. डोळे उघडले तर अव्वा एक बोट वर करून बसल्या होत्या, अगदी पंचासारख्या ताठ.

त्यानंतरचा पावसाळा ओसरीतच गेला. रोज पूजा आटोपली की काटा. अव्वा वजन सरकवायच्या, मी दाबायचे, दांडी उचलायची, बोट वर जायचं. काही दिवस दांडी कालच्या इतकीसुद्धा उचलायची नाही आणि मी चिडून खुर्ची ढकलायचे. अव्वा म्हणायच्या, "तूर बी रोज एका भावानं जात न्हाई. उद्या लाव." हे वाचणारं कुणी सध्या पाय उशीवर ठेवून पडलं असेल तर त्याला माझं सांगणं एवढंच आहे: फ्रिजवरचा कागद पहिल्या दिवसापासून वाचा, आणि घरातल्या कुणाला तरी पंच करा. एकट्यानं दांडी उचलत नाही.

ज्या दिवशी मी काट्यावर दोन्ही पायांनी उभी राहून मग उजवा पाय उचलला, आणि माझं सगळं वजन त्या मोडक्या पायानं एकट्यानं पेललं, त्या दिवशी अव्वांनी दोन्ही हातांची सगळी बोटं वर केली. मग पदरानं तोंड पुसत आत गेल्या आणि साखरेचा शिरा केला.

गोदाम

चालायला लागल्यावर मी पहिल्यांदा गेले ते दुकानामागच्या गोदामात. ताडपत्री काढली. गाडीवर धुळीचा कण नव्हता. चेनला ताजं तेल होतं. बसवराज मागं येऊन उभे राहिले.

"तुम्ही रोज पुसता?"

"चार-दोन दिसांनी." ताडपत्रीची घडी घालत ते म्हणाले, "मी आता धरायला उभा राहणार न्हाई, नंदा."

"मी रागात बोलले होते ते. मला माहितीये तुम्ही गाडी का धरली."

"हात दोनच हायेत. गाडी सोडली आसती तर ती तुज्या अंगावर आली आसती. धरली तर तू खाली गेलीस. लई येळा तेच तेच करून पाह्यलं डोस्क्यात. आजून पाहून राह्यलो. दुसरं काईच निघंना."

इतक्या महिन्यांत ते एवढं पहिल्यांदा बोलले. मी त्यांचा हात धरला. ते रडत होते. आमच्यातलं जे काही अडकलं होतं ते तिथं सुटलं.

मग मला एकदम सुचलं आणि मी इतक्या जोरात बोलले की दुकानातलं गिऱ्हाईक डोकावलं. "दोन माणसं उभी करू. एक गाडीसाठी, एक माणसासाठी. तुम्ही गाडीकडं बघायचंच नाही."

हा आता आमच्या गटाचा नियम आहे. आणखी नियमही झाले. पूर्वी आमच्यातलं कुणी पडलं की हळद-तेल चोळून त्याच दिवशी परत गाडीवर. मुरगळलेलं मनगट घेऊन इम्रान कितीतरी महिने चालवत होता. आता नुझत मॅडम अधूनमधून खदानीत येतात, मनगटं आणि गुडघे तपासतात आणि सगळ्यांना रागावतात. गाडीला हात लावायच्या आधी प्रत्येकानं दोन्ही पायांवर आलटून पालटून उठबशा काढायच्या. सुरुवातीला पोरं कुरकुरली. मी माझी मांडी सुकली होती तेव्हाचा फोटो दाखवला, तेव्हापासून कुरकुर बंद आहे.

हदगाव

आमच्या भागातली वर्षातली एकच ट्रायल, ती यंदा संक्रांतीनंतर हदगावकडं ठरली, माझ्या भावाच्या शेताला लागून असलेल्या नाल्यात. पाणी जवळजवळ आटलेलं, काळे गोटे उघडे पडलेले, काठ उंच. लातूर-नांदेडची सगळी मंडळी टेम्पोत गाड्या टाकून आली होती. नुझत मॅडमनी गुडघ्याला पट्टा बांधून होकार दिला होता. डॉक्टरांनीही दिला, पण मला व्हिडिओ पाठवा या अटीवर. आणि अव्वा आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. काठावर जाजम टाकून, शेजारी माझी लेक, ऊन नको म्हणून डोक्यावर पदर.

त्या सकाळची गोष्ट सांगताना आजही माझा श्वास वाढतो. पहिला सेक्शन कोरा. दुसरा कोरा. हँडल हातात आलं आणि इंजिनाची धडधड तळपायातून वर चढली तेव्हा मी मोठ्यानं हसत होते, हेल्मेटमध्ये माझा मलाच आवाज येत होता. पुढं एकीकडं दोनदा उजवा पाय टेकला. डावा कुठंच नाही. दुपारपर्यंत मी तिसरी होते.

शेवटचा सेक्शन काठावर चढायचा होता. खदानीतल्या पायरीसारखीच पायरी, छातीइतकी. वर इम्रान उभा राहिला, गाडीसाठी. त्याच्या शेजारी बसवराज, माझ्यासाठी. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी मान हलवली, त्यांनीही हलवली.

गोट्यांतून आले, पाण्याचा ओघळ ओलांडला, पायरीवर पुढचं चाक टाकलं. चढलं. मागचं चाक घसरलं. अगदी तसंच, तसूभर फरक नाही. गाडी डावीकडं कलली आणि मीही. सेक्शन कोरा होता. अंगातलं सगळं ओरडत होतं की वर धर, वर धर.

मी डावा पाय खाली टाकला.

दगडावर, पूर्ण तळवा. त्यावर माझं वजन आलं आणि माझ्याबरोबर गाडीचंही. गुडघ्यात एक कळ आली, मग कळ थांबली आणि पाय तसाच उभा राहिला. मी त्याच्यावर जोर दिला, गाडी सरळ केली, ॲक्सिलरेटर पिळला आणि पायरी चढून काठावर आले. इंजिन बंद केलं. मागं वळून पाहिलं तर बसवराजचे दोन्ही हात हवेतच होते, मला धरायला पुढं केलेले.

"काई धरावंच लागलं न्हाई," ते म्हणाले. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं.

पंच नांदेडचे होते, त्यांनी एक बोट वर केलं. त्या एका गुणानं माझा तिसरा नंबर गेला, मी चौथी आले. पण मी पंचांकडं बघतच नव्हते. पलीकडच्या काठावर अव्वा जाजमावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, पदर डोक्यावरून घसरलेला, आणि त्यांचंही एक बोट वर होतं. शेजारच्या बायका त्यांना समजावत होत्या की आजी, दंड झाला, सुनेचा नंबर गेला. अव्वांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आम्ही गाडी टेम्पोत चढवेपर्यंत त्यांनी ते बोट खाली घेतलं नाही.